व्हर्ना टॅकेट सही करत नाही

केंटकीतल्या त्या डोंगराळ गावात, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरणाऱ्या बंदूक-सुरक्षेच्या वर्गात, व्हर्ना टॅकेट सव्वीस वर्षं दर शनिवारी तेच ते सांगत आली होती, आणि आता तिला त्याचा अगदी वीट आला होता. रिव्हॉल्व्हरचं चक्र बाहेर काढलं की सहाच्या सहा घरं डोळ्यांसमोर, लपवाछपवी नाही. पिस्तुलाचं तसं नाही हो. गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात, पण ते काढून घेतलं तरी एखादी नळीच्या मागच्या टोकाशी बसून राहते. म्हणून वरची स्लाइड मागे ओढायची, आत बघायचं, बोटाने चाचपायचं. माणसं माना डोलावतात आणि तासाभरात विसरतात. सांगून सांगून घसा बसला, पण ऐकतंय कोण?

त्या शनिवारी वर्गात तिचा थोरला भाऊ ऑर्विल होता, बहात्तर वर्षांचा. जवळ पिस्तूल बाळगायच्या परवान्यासाठी त्याला तिच्या सहीचा कागद हवा होता. लहानपणी तिला नेम धरायला शिकवलं ते यानेच, त्यामुळे वर्ग म्हणजे त्याला नुसता सोपस्कार वाटत होता. व्हर्नाला मात्र धास्ती होती. हल्ली तो फार विसरायचा, आणि त्याची सात वर्षांची नात जोसी त्याच्याच घरी राहायची.

परीक्षेसाठी तिने प्रत्येकाच्या पिस्तुलात एकेक खोटी गोळी चढवून ठेवली होती. ऑर्विलने ऐटीत मॅगझिन काढलं, पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि रिकामं म्हणून जाहीर केलं. तिने स्लाइड ओढली. खोटी गोळी टेबलावर घरंगळली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"सही नाही व्हायची, ऑर्विल."

"अगं, तुला हे शिकवलं कुणी?"

"तूच. म्हणून तर जीव तुटतोय माझा."

तो भडकला. चारचौघांत भावाची शोभा केलीस, म्हणाला. घरचं पिस्तूल आपण कायम रिकामं ठेवतो, मॅगझिन फ्रिजवर आणि पिस्तूल स्वयंपाकघराच्या खणात, हेही त्याने ठसक्यात सुनावलं. व्हर्नाने वर्ग तिथेच मोडला, त्याला गाडीत बसवलं आणि त्याचं घर गाठलं.

खणात चमच्यांच्या शेजारी पिस्तूल होतं. नळी जमिनीकडे धरून तिने स्लाइड ओढली, आणि खरीखुरी गोळी चमच्यांत खणकन पडली.

ऑर्विल खुर्चीत बसला. त्याने उघड्या खणाकडे बोट केलं.

"यात चमचे जोसी लावते," तो म्हणाला. "रोज."