अक्काच्या अंगठीतला नांगर

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा गालात हसून पान उलटलं आहे. कुंभकोणमच्या एका कॉलेजात सत्तावीस वर्षं मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आहे. पदार्थ आपणहून बदलत नाही. बदललाच, तर कुणीतरी त्यात काहीतरी ओतलेलं असतं — हे इतक्या बॅचेसना सांगून झालंय की झोपेतही सांगेन. त्यामुळे हे लिहायला मला वर्ष लागलं. दुसरं कारण असं, की यात माझी एक चोरी आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

आम्ही तंजावरकडचे मराठी. घराबाहेर तमिळ, घरात मराठी. ती इतकी जुनी, की पुण्याचे एक पाहुणे म्हणाले होते, "तुमच्या घरी जेवायला बसलं की कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं." अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, पापनाशमला राहते. इथून स्कूटरवर अर्धा-पाऊण तास.

मला एकच नाद — चांदीच्या जुन्या अंगठ्या. मोडीत येणाऱ्या चांदीतून इथं अधूनमधून एखादी विलायती निघते, दुकानदार मला फोन करतात. अंगठी निवडताना लोक चकाकी बघतात. मी आधी आत बघतो. नुसता ९२५ आकडा असेल तर ती बहुधा अलीकडची. जुन्या इंग्रजी स्टर्लिंगमध्ये आतल्या बाजूला चार बारीक शिक्के असतात — घडवणाऱ्याची अक्षरं, चालता सिंह, गावाची खूण आणि वर्षाचं अक्षर. मग कडा. वापरातली अंगठी तळव्याच्या बाजूला पातळ होते, शिक्क्यांच्या कडा मऊ होतात, खोबणीत काळं बसतं. ते काळं घासून काढणाऱ्याला मी माणूस म्हणत नाही. आणि शेवटी फुंकर. चांदीवर तोंडाची वाफ सोडली की कुठे कापून सांधलंय, कुठे खोडून गुळगुळीत केलंय, ते क्षणभर उमटतं. हातानं लपवलेलं वाफेत दिसतं.

माझे मेहुणे — आम्ही त्यांना भावोजी म्हणायचो — जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. तरुणपणी इंग्लंडच्या कुठल्याशा बंदरातल्या जुन्या बाजारात त्यांनी एक अंगठी घेतली. वर साधी अंडाकृती चकती, कोरीवकाम काही नाही. का घेतली? तर आतल्या शिक्क्यांत एक नांगर होता. जहाजाचा नांगर. नांगर ही बर्मिंगहॅमची खूण, आणि बर्मिंगहॅमला समुद्रच नाही, हे मी त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "असो रे. मज समुद्र दिसतो." तीसेक वर्षं ती त्यांच्या बोटात होती. सिंह झिजून मांजरासारखा झालेला, नांगराचं एक टोक जवळजवळ पुसलेलं. त्याहून सुंदर अंगठी माझ्या हातात कधी आलेली नाही.

तेरा वर्षांपूर्वी भावोजी गेले. तेरावं झाल्यावर अक्कानं मला आत बोलावलं. पायातली जोडवी काढलेली होती, बोटांवर पांढरे वळ राहिले होते. तिनं पदराच्या गाठीतून अंगठी काढली.

"पायांतली चांदी गेली. हातांत येवढी राहो," ती म्हणाली. "माझ्या बोटाची करून आण. तुज यांतलं कळतं."

कळतं — तेच तर झालं. भावोजींचं माप बावीस, अक्काचं अकरा. एवढी लहान करायची तर खालून मोठा तुकडा कापावा लागणार, आणि चारही शिक्के नेमके तिथेच. नांगर कापला जाणार. मी ती भिंगाखाली धरून रात्रभर नाही, पण चांगले चार दिवस बसलो. मनात म्हणत होतो, अशी वस्तू कापणं पाप आहे. माझं पाप मी तिथेच, त्या वाक्यानं सुरू केलं.

आमच्या इथं मुरुगेशन आसारी म्हणून चांदीकाम करणारे आहेत. त्यांच्याकडे गेलो. हुबेहूब अशीच, पण अकराच्या मापाची नवी करा म्हणालो. वर हलकं काळं द्या, कडा जराशा मारा.

आसारींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "करतो, सार. पण आतले सिंह-बिंह मी उठवणार नाही. खोटा शिक्का आमच्या घरात कुणी मारला नाही. माझा ठिपका तेवढा मारीन."

"नको शिक्के. आत कोरी ठेवा."

त्यांच्या कामाची खूण म्हणजे चकतीच्या मागे, आतून, मोहरीएवढा ठिपका. तेवढाच.

ती अंगठी मी अक्काला नेऊन दिली. तिनं आधी आत पाहिलं.

"नांगर?"

"कापताना गेला, अक्का. इलाज नव्हता."

मग तिनं अंगठी घातली आणि अंगठ्यानं ती तळव्याच्या बाजूनं चाचपली, जिथं नांगर असायला हवा होता तिथं. "असो," म्हणाली. भावोजींसारखंच.

खरी अंगठी माझ्या कपाटात, कापूस लावलेल्या डबीत. दर रविवारी सकाळी भिंग घेऊन बघायचो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं वाईटही वाटलं नाही. वाटायचं, मी ती वाचवली. पुढे पुढे मात्र अक्काकडे गेलो की माझं लक्ष तिच्या अंगठ्याकडे जायचं. बोलताना, भाजी निवडताना, टीव्ही बघताना ती तिथंच चाचपत असायची. आणि तरी मी गप्प. बायकोलाही सांगितलं नाही.

मागच्या वर्षी एका गुरुवारी सकाळी अक्काचा फोन आला. "अरे, नांगर आला."

मला वाटलं, तिला काहीतरी भास झाला. अडुसष्ट वर्षांची बाई, एकटी राहते. कॉलेजात सुट्टी टाकून गेलो. ती ओसरीवर बसली होती, शेजारी पलीकडच्या घरातली मामी; इथं शेजारणीला मामीच म्हणतात, आणि हिला आमची मराठी कळते. अक्का बारीक झालीय, आंघोळीत अंगठी निसटली, उचलताना आत दिसलं — असं तिचं सांगणं. मी खिशातून भिंग काढलं.

चार शिक्के. मांजरासारखा सिंह. नांगर, त्याचं एक टोक पुसलेलं.

बाकी सगळं रोजच्यासारखं. ऊन होतं, समोरून दूधवाला गेला, मामी अडकित्त्यानं सुपारी कातरत होती.

"तूं म्हणालास, कापतांना गेला. मग हा कोठून?" अक्का.

"मळ बसला असेल. आता निघाला."

"बारा वर्षें मळ? मी काय न्हातच नव्हतें?"

मामी खो-खो हसली. मग मला तमिळमध्ये म्हणाली, "शिकलेला माणूस गेला म्हणाला ते आलं. आता तू काही आहे म्हणालास की आम्ही नाही समजायचं का?"

अक्काही हसत होती. फार दिवसांनी तिला तशी हसताना बघत होतो. "यांनींच धाडला," ती मामीला म्हणाली. "माझा भाऊ केमिस्ट्रींतला. तो खरा म्हणतो म्हणजे खराच."

एक दिवसासाठी अंगठी मागून घेतली आणि घरी आलो. कपाट उघडलं. माझी डबी जागेवर, कापूस जागेवर, अंगठी जागेवर. चार दिवसांपूर्वीच्या रविवारी मी तिचे शिक्के पाहिले होते — हे मी शपथेवर सांगतो. आता आत काही नव्हतं. कोरी.

डोकं शांत ठेवून एकेक बघितलं. दोन्ही मापाच्या कांडीवर चढवल्या. मोठी बावीस, लहान अकरा. म्हणजे अदलाबदल नाही. मोठीवर फुंकर घातली: खोडल्याची खूण नाही. लहानीवर फुंकर घातली: सांधा नाही, कापल्याची रेघ नाही. मोठीची बाहेरची झीज होती तशीच होती, तळव्याकडे पातळ. माझ्याकडे तिचे फोटो आहेत, पट्टी शेजारी ठेवून काढलेले. त्यात शिक्के स्वच्छ दिसतात. आजही दिसतात.

संध्याकाळी लहान अंगठी घेऊन आसारींकडे गेलो. त्यांनी ती दिव्याखाली बराच वेळ फिरवली.

"ठिपका माझा," ते म्हणाले. "अंगठी माझीच. हे बाकीचं माझं नाही."

"नंतर कुणी मारले असतील शिक्के?"

"नवा शिक्का मारला की त्याची कड बोटाला लागते, सार. हे झिजलेत. शिक्का मारता येतो... झीज कुठून मारायची?" मग अंगठी माझ्या हातात देऊन हळूच म्हणाले, "तुम्ही मला तेव्हा ही करायला सांगितलं नसतंत तर बरं झालं असतं."

त्या दिवशी मी गप्प बसू शकलो असतो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. अक्काला तिचा नांगर मिळाला होता. ती आनंदात होती. माझी चोरी, कशी कोण जाणे, भरून निघाली होती. पण गावभर ती माझ्या नावानं ग्वाही देत फिरणार होती... माझा भाऊ खरा म्हणतो म्हणजे खराच. तेवढं मला झेपेना.

दुसऱ्या दिवशी दोन्ही अंगठ्या घेऊन पापनाशमला गेलो. अक्का चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशीच, पण आम्ही अजून चूलच म्हणतो. उभ्यानंच सगळं सांगितलं. आसारी, कोरी अंगठी, डबी, रविवार. काही गाळलं नाही.

ऐकता ऐकता तिनं गॅस बंद केला. शेवटी एवढंच विचारलं, "बारा वर्षें यांची अंगठी तुझ्या कपाटांत होती?"

"हो."

"आणि मी खालीं बोट फिरवीत बसलें."

"हो, अक्का."

"अरे, मी दोरा गुंडाळून घातली असती! शेजारची मामी घालते की नवऱ्याची. मज कोणी कापायला सांगितलं होतं? मी म्हटलं, माझ्या बोटाची कर. तुज कापण्यावांचून दुसरं कांहीं सुचलं नाहीं, आणि न कापण्यावांचूनहि कांहीं सुचलं नाहीं."

मी दोन्ही अंगठ्या ओट्यावर ठेवल्या. एक भावोजींच्या बोटात तीस वर्षं राहिलेली, आता आत कोरी. दुसरी त्यांनी कधी न पाहिलेली, आणि तिच्यात त्यांचा नांगर.

"यांची कुठली?" तिनं विचारलं. "तूं सांग. तुज कळतं ना?"

"नाही कळत."

आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या अंगठीबद्दल मी असं म्हणालो.

अक्कानं वेळ लावला नाही. मोठी उचलली. देवघरातून वातीचं सूत आणलं, ते आतून गुंडाळू लागली, बोटात घालून बघितली, पुन्हा चार वेढे दिले. बसली. लहान अंगठी तिनं माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटली.

"शिक्के तुज हवे होते. घे."

त्यानंतर वर्ष झालं. नांगर अजून लहान अंगठीतच आहे. ती माझ्या करंगळीतसुद्धा जात नाही. मोठी अक्काच्या बोटात आहे, आत काही उमटलेलं नाही, आणि तिनं एकदाही आत पाहिलेलं मला दिसलं नाही. हे कसं झालं ते मला माहीत नाही. चांदी, वाफ, भिंग, फोटो — माझ्याकडे जे जे होतं ते वापरून झालं. कुणी म्हणेल मन खेळ करतं. पण आसारींच्या डोळ्यांना माझं मन कसं लागलं, ते त्यानं सांगावं.

तेव्हापासून दर गुरुवारी पापनाशमला जातो. गेल्या आठवड्यात धीर करून विचारलं, "अक्का, अजून रागावली आहेस?"

तिनं डबऱ्यातली, म्हणजे पसरट वाटीतली, कॉफी टंबलरमध्ये ओतली, परत डबऱ्यात ओतली, फेस नीट बघितला.

"आहें," ती म्हणाली. "बस. निवते आहे."