त्राटिकेच्या मुखवट्यातला फिरस्ता कोळी

सर्व लहानथोर मंडळींस या लेखाने जाहीर करण्यात येते की, जाळे न विणता भटकणाऱ्या एका कोळ्याची खात्रीशीर ओळख पटवण्याचे काम प्रस्तुत लेखकाने भिंग, चिमटा अथवा बाटली यांच्या मदतीशिवाय, केवळ स्वतःच्या नाकाने पार पाडलेले आहे. यापुढे कोणाही विद्वानाने हा मान आपला म्हणून सांगू नये. सांगितल्यास त्यालाही त्राटिकेच्या मुखवट्यात बांधण्यात येईल, आणि मग बघू.

घाबरलेल्या माणसाने एवढ्या ऐटीत बोलू नये, हे मला कळते. पण त्या सकाळी मी इतका घाबरलो की ती भीती एकट्याने संपवणे अजून जमलेले नाही. म्हणून थोडी वाटून टाकतो.

मी तेव्हा जव्हार संस्थानच्या कचेरीत कारकून होतो. वळणदार अक्षर, खडा आवाज आणि नाटकाचे वेड एवढीच माझी इस्टेट. संस्थानच्या दवाखान्यात एक डॉक्टर होते. एकटे राहायचे. रोग्याची जीभ बघतानासुद्धा त्यांची नजर रोग्याच्या मागच्या भिंतीवर असायची, कारण भिंतीवर कोळी असायचे. क्विनाइनच्या बाटल्यांशेजारी त्यांच्या कोळ्यांच्या बाटल्या मांडलेल्या. पुष्कळ पोटदुख्या ती फळी बघूनच थांबत.

दवाखान्यामागच्या दगडी बांधात त्यांना एक कोळी सापडला. त्यांच्याजवळच्या कुठल्याच पुस्तकातल्या वर्णनाशी तो जुळेना. तेव्हा नवे वर्णन लिहायचे ठरले, आणि अक्षरासाठी मला बोलावणे आले. संध्याकाळी ते भिंगाला डोळा लावून सांगायचे आणि मी लिहायचो.

"रंग मळकट तपकिरी," ते म्हणाले.

मी लिहिले, 'रंग भाजलेल्या नागलीसारखा, जिच्यावर कुणा दुष्ट सासूने राख फुंकली आहे.'

"खोडा ते. सासू कुठून आली? रंग, माप, डोळे. एवढंच."

डोळ्यांवर त्यांचा फार जीव. आपल्या घरात भिंतीवर बसतो तो मोठा चपटा कोळी निराळा, हे ते मला परत परत बजावायचे. त्याचे डोळे दोन रांगांत. तो खेकड्यासारखा आडवा पळतो, आणि त्याची मादी अंड्यांची चपटी पिशवी पोटाशी धरून हिंडते. हा तसा नव्हे. याचे डोळे तीन रांगांत आहेत, पुढे दोन, मध्ये चार, मागे दोन. उजेड समोरून धरला की लकाकतात. हा दिवसा अंधारात दडतो, रात्री शिकारीला भटकतो, म्हणून फिरस्ता. मादी मात्र अजून हाती लागली नव्हती. ती अंडी एका जागी चिकटवून तिथेच राखण करत बसत असावी, असा डॉक्टरांचा कयास होता. मादीवाचून वर्णन पुरे होणार नव्हते.

"डॉक्टर, विषारी आहे का हो हा?" मी एकदा विचारले.

"सगळेच विषारी असतात. किती, हा प्रश्न आहे."

"मग किती?"

"ते कसं सांगू? अजून कुणाला चावलाच नाही." आणि 'दंशाचा परिणाम' असे लिहून पुढची ओळ त्यांनी मला कोरी सोडायला लावली.

आता बोहाड्याचा उत्सव. उन्हाळ्यात मोखाड्याकडच्या गावांतून देवांचे नि राक्षसांचे मुखवटे घालून माणसे संबळाच्या तालावर नाचतात. त्याला सोंग म्हणायचे. प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराण्याकडे असतो आणि तो कुणी सहजासहजी सोडत नाही. खोडाळ्याच्या पलीकडच्या एका गावात त्राटिकेचा मान एका म्हाताऱ्या बाबांच्या घरी होता. त्या वर्षी त्यांच्या नाचणाऱ्या मुलाच्या पायावर कुऱ्हाड निसटली. बाबा काही कामाने कचेरीत आले होते, त्यांच्या तोंडून मला हे कळले, आणि मी त्यांचा पिच्छाच पुरवला.

"भाऊसाहेब, तू नाटकातला. आमचं सोंग म्हंजे नाटक नाय."

"शिकवाल तसं नाचेन, बाबा."

"नाचशील रं. पन एकदा बांधली का देवळापोत सोडायची नाय. मधीच उतरली तं गावावर कोप. आन् तोंड उघडायचं नाय. सोंग बोलत नाय."

मी लगेच कबूल केले. काम मिळत असेल तर मी कशालाही कबूल होतो.

घरी सांगितले तेव्हा बायको म्हणाली, "त्राटिका व्हायला तुम्हाला मुखवटा कशाला? सकाळी नुसते उठून अंगणात उभे राहिलात तरी पोरं पळतील." पण गाडी जुंपली तेव्हा सर्वांत आधी तीच येऊन बसली. डॉक्टरही आले. त्यांना बोहाड्याचे कौतुक नव्हते. खेड्यातल्या घरांतून अंधारे कोपरे पुष्कळ, एवढाच त्यांचा हिशेब.

रात्रभर एकामागून एक सोंगे नाचली. आमची त्राटिका दिवस उगवताना निघायची. मी आंघोळ केली, बाबांनी मुखवट्याला कुंकू लावले, नारळ फोडला. कागदाच्या लगद्याचा केवढा तरी मोठा मुखवटा, लाल जीभ, पांढरे सुळे. वर्षभर तो माळ्यावर नागलीच्या कणगीमागे पालथा पडलेला असतो. बोहाडा जवळ आला की खाली काढून रंगवतात. बाहेरून रंगवतात. आत कोण बघतो?

बाबांनी तो माझ्या तोंडावर चढवला, मागून फडक्याची गाठ आवळली आणि पाठीवर थाप मारली. संबळ कडाडला. टेंभेकरी पुढे झाले. मी पहिली उडी घेतली, आणि माझे नाक आत कशाला तरी टेकले. मऊ होते. गोल होते. नाकाच्या पोकळीत चिकटवल्यासारखे बसले होते.

कापसाचा बोळा असेल, मी म्हटले. मुखवटा टोचू नये म्हणून बाबांनी ठेवला असेल. किती काळजी घेतात माणसे!

मग बोळ्याच्या बाजूने काहीतरी माझ्या डाव्या गालावर उतरले.

झुरळ म्हणावे, तर झुरळ खरवडते. पालीचे पोट गार लागते. हे पाऊल टेकवत होते. एक टेकवले, थांबले. दुसरे टेकवले, थांबले. मी पावले मोजायला लागलो आणि चारावर थांबेल अशी आशा धरून राहिलो. पाचवे पाऊल माझ्या डोळ्याखाली पडले.

चपटा असेल, घरातलाच असेल, मी मनात म्हणालो. देवा, आडवा पळ! तो आडवा पळाला नाही. सरळ, सावकाश, मालकासारखा वर आला, परत फिरला आणि त्या बोळ्यावर जाऊन बसला. चपट्या कोळ्याची मादी पिशवी बरोबर घेऊन हिंडते. हिने ती मुखवट्याच्या नाकात चिकटवली होती आणि राखणीला बसली होती. डॉक्टरांचा कयास खरा ठरला होता. तो बरोबर ठरल्याचे कळलेला जगातला एकमेव माणूस मी होतो, आणि मला तोंड उघडायची बंदी होती.

तरी एक आशा उरली होती. डोळे. मी दोन्ही बुबुळे नाकाशी आणली. टेंभेकऱ्याने त्याच वेळी टेंभा माझ्या तोंडाशी नाचवला आणि जिभेवरच्या फटीतून उजेड आत शिरला. ठिणग्या लकाकल्या. पुढे दोन. मध्ये, एक, दोन, तीन... चार. मागच्या दोन बघायला मी थांबलो नाही. उपमा सुचली नाही. रंग मळकट तपकिरी, इतकेच.

आणि डोळ्यांपुढे ती कोरी सोडलेली ओळ उभी राहिली. माझ्याच सुबक अक्षरात 'दंशाचा परिणाम', आणि पुढे जागाच जागा.

ओरडावे, तर सोंग बोलत नाही. मुखवटा उपटावा, तर गावावर कोप. आणि उपटताना ती पहिली झेप कुठे घेईल? डोके जरा हलले की माझे नाक तिच्या अंड्यांवर आपटत होते, आणि प्रत्येक वेळी ती पुढचे दोन पाय उचलून माझ्या नाकपुडीवर ठेवत होती. आई होती ती. मी तिच्या घरात नाक खुपसले होते, आणि तेही तालावर.

म्हणून मी मान हलवायचे बंद केले. कमरेखाली त्राटिका थयथयाट करत होती, हात आभाळ फाडत होते, आणि मान खांबासारखी ताठ. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. लोक खूश!

"आरं मान बघ तिची, मान!" कुणीतरी ओरडले. "डोईवर हंडा ठेव, सांडणार नाय!"

बायका पोरांना पुढे करत होत्या, पोरे मला बघून किंचाळत होती. मला त्यांचा हेवा वाटत होता. त्यांना किंचाळता येत होते.

वळणावर गर्दीत डॉक्टर दिसले. मी नाचत नाचत त्यांच्या अंगावर गेलो आणि ओठ न हलवता जिभेच्या फटीतून म्हणालो, "डॉक्टर, आत आहे!"

"हो हो, ओळखलं मी, तुम्हीच आत आहात," ते हसून म्हणाले. "छान चाललंय!"

"दोन, चार, दोन!"

त्यांचे हसू मावळले. चेहरा असा उजळला की लग्नाच्या मांडवात नवरदेवाचाही उजळत नसेल. त्यानंतर ते माझ्याबरोबर उलटे चालू लागले, तोंड माझ्या सुळ्यांपाशी. "मादी? अंडी आहेत? चिकटवलेली आहेत ना? तिला जरा इकडे वळवता येईल का? फुंकर मारून बघा."

मी फुंकर मारली नाही. माझा श्वाससुद्धा मी उधार घेतल्यासारखा जपून वापरत होतो.

"भाऊसाहेबाला वारं आलं," म्हातारे म्हणत होते. "डाक्तर बी मागं लागला."

देऊळ आले. ते एका हाकेवर होते, पण मला वाटले मी जव्हारपासून नाचत आलो आहे. पायरीवर मला बसवले. बाबांनी मागे जाऊन गाठीला हात घातला. घामाने गाठ भिजून दगड झाली होती. त्यांनी ओढले, मुखवटा वर सरकला, अंड्यांची पिशवी माझ्या नाकावर दाबली गेली, आणि करवंदीचा काटा शिरावा तसे काहीतरी नाकपुडीच्या कडेला शिरले.

मुखवटा निघाला. मी पायरीवर आडवा झालो. उगवता सूर्य डोळ्यांत आला, तो मला मावळताच वाटला.

डॉक्टरांनी मुखवटा झडप घालून घेतला. "बघ, पन बाहेर काढू नको," बाबांनी दरडावले. "तिनं सोंगाबरूबर फेरा केला हाय. आता ती आमच्या घरची." डॉक्टरांनी मान डोलावली, भिंग काढले आणि मुखवटा मांडीवर उताणा घेऊन त्यात डोके घातले.

"डॉक्टर," मी म्हणालो, "चावली."

"कुठे?"

"नाकाला."

"उत्तम! काय वाटेल ते लक्षात ठेवा. शब्द साधे वापरा."

नाक जळत होते. जीभ जड झाली होती, की तशी ती मला भीतीने वाटत होती, हे तेव्हा मला सांगता आले नसते. हात गार पडले होते. मी काय वाटते ते साध्या शब्दांत सांगायचा यत्न केला. मरतोय, हाच एक शब्द मला साधा वाटला.

"थांबा हं," मुखवट्यातून आवाज आला. "मधली रांग जरा वाकडी आहे. मागच्या दोघांत अंतर... हं..."

मी हे लिहितो आहे त्यावरून मी मेलो नाही हे आपण ताडलेच असेल. नाक वांग्यासारखे सुजले आणि यथावकाश उतरले. पण त्या घटकेला हे कुणालाच माहीत नव्हते. गाव भोवती गोळा झाले होते. बाबांनी माझे डोके मांडीवर घेतले होते. संबळ थांबला होता. डॉक्टर मुखवट्यात डोके घालून पुटपुटत होते. गर्दी बाजूला सारून माझी बायको पुढे आली. डॉक्टरांसमोर तिने आजवर मान वर केली नव्हती, मग बोलणे दूरच. पदर खांद्यावर घसरला होता, तो तिने सावरलाही नाही, आणि सबंध बोहाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती कडाडली, "अहो डॉक्टर, तिचे डोळे नंतर मोजा, आधी ह्यांची नाडी बघा!"