आतोबांनी उकडलेली टोपी

देवानं माणसाला डोकं का दिलं, या प्रश्नावर पुण्यातल्या शास्त्रीमंडळींनी चार दिवस वाद घातला असता. आमच्या आतोबांनी तो एका वाक्यात मिटवला असता. पगडी ठेवायला दुसरी सोयीची जागा नाही, म्हणून.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहायला कसबा पेठेत, कारकुनी सरकारी दफ्तरात, आणि जीव मात्र सदैव दुसऱ्यांच्या डोक्यावर. रस्त्यात कुणी भेटलं की त्यांची नजर कपाळापाशी सुरू व्हायची आणि वर चढायची. खाली चेहऱ्यावर ती क्वचितच उतरे. एकदा नदीवर स्नान करून माझे वडील, म्हणजे त्यांचे सख्खे मेहुणे, उघड्या डोक्यानं समोर आले, तर आतोबांनी अदबीनं विचारलं, "आपण कोण? कुठं पाहिल्यासारखं वाटत नाही." वडिलांनी मुकाट्यानं काठावरची पगडी उचलून डोक्यावर ठेवली. "अरे, तुम्ही होय!" आतोबा म्हणाले, "मग आधी सांगायचं नाही का?"

त्यांची परीक्षा बघण्यासारखी असे. नवी पगडी हातात आली की आधी वास. खळ तांदळाची आहे की आणखी कशाची, ते नाक सांगे. मग ती कानाशी धरून नखानं टिचकी मारायची, डोळे मिटून ऐकायचं, आणि शेवटी पुढच्या टोकावर, म्हणजे कोक्यावर, एक डोळा बारीक करून नेम धरायचा. लग्न ठरवताना वधूपक्षाचे लोक त्यांना मुद्दाम सोबत नेत आणि पस्तावत. एका ठिकाणी मुलगा दाखवला, घर दाखवलं, गोठा दाखवला. मत विचारलं तेव्हा आतोबा म्हणाले, "पगडी उत्तम आहे. मुलाचं तुम्ही बघा." पावसात सापडले की पगडी उपरण्यात गुंडाळून पोटाशी धरायची आणि आपण नखशिखांत भिजत चालायचं. कुणी हटकलं तर उत्तर तयार, "डोकं पुसता येतं." आत्याचं यावर म्हणणं इतकंच होतं, की अंतरपाट दूर झाला तेव्हा यांनी आधी माझ्या मुंडावळ्या पाहिल्या, मी दिसले ती दुसऱ्या दिवशी.

अशा माणसाच्या पेठेत एक फिरंगी टोपी राहायला आली, हे विधिलिखितच म्हणायचं. टोपीखाली तोफखान्यातला एक गोलंदाज होता. त्याचं नाव कुणाच्या जिभेवर चढेना, म्हणून सगळी पेठ त्याला 'मुसा' म्हणे. उंच, तांबूस, लाजाळू माणूस. त्याची ती काळी, रुंद काठाची टोपी पाहून आतोबांनी पारावर बसल्या बसल्या निकाल दिला होता, "ती टोपी नव्हे. ते झाकण आहे. आत काय शिजतंय कुणास ठाऊक."

तीच टोपी एके दिवशी छातीशी धरून मुसा आमच्या आत्याच्या अंगणात उभा राहिला. मी ओसरीवरच होतो. नवरात्र चालू होतं आणि दसऱ्याला तोफखाना मोहिमेवर निघायचा होता. सराव करताना वाऱ्यानं टोपी उडाली आणि तोफेच्या बैलानं तिच्यावर पाय दिला. घुमट चेपला होता, काठ भाकरी दुमडावी तसा दुमडला होता. पेठेतल्या कुणीतरी सांगितलं असणार, की डोक्यावरच्या दुखण्याला इथंच औषध मिळतं.

"बाप बनवला," मुसा म्हणाला. "बाप आता नाही. टोपी आहे."

आतोबांनी टोपी घेतली. वास घेतला, टिचकी मारली, उजेडात धरली. मग त्यांचा चेहरा असा झाला, की आत्यानं तो लग्नातही पाहिला नसेल. "अरे, हिला उभा धागा नाही! आडवाही नाही! कुठं वीण नाही, शिवण नाही. खोगिराखालचा नमदा असतो ना, लोकर मळून मळून केलेला, तसली जात, पण लोण्यासारखी. काय बाप असेल याचा!" आणि मुसाकडे वळून छाती ठोकून म्हणाले, "दसऱ्याला घालून जायचं. माझा शब्द."

आतून आत्याचा आवाज आला, "घरात घट बसलेत. कशाची आहे ती?"

"लोकरीची. लोकर सोवळ्याला चालते," आतोबांनी ठणकावलं आणि हळूच मुसाला विचारलं, "मेंढीच ना?" मुसानं दोन बोटं डोक्यावर उभी धरून लांब कान केले आणि टुणकन उडी मारली.

"मेंढीच," आतोबा आत ओरडले. "त्यांच्याकडे लांब कानांच्या असतात."

"असोत. तरी आधी धुवा. तोफेची दारू, बैलाचा पाय आणि त्या मुसाचं डोकं, तिन्ही गेल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही."

आता पुण्यात जन्मलेला माणूस दुसरं काय करणार? अंगणातल्या चुलीवर हंडा चढला, पाणी उकळलं, रिठे पडले. आतोबांनी स्वतः टोपी बुडवली आणि सोवळ्याची धाबळी चोळावी तशी भक्तिभावानं चोळली. हंड्यात गेली तेव्हा टोपी होती. बाहेर आली ती वाटी. नारळावर बसली असती, शेंडीसकट नव्हे.

त्यानंतरचे दोन दिवस आतोबा पारावर गेले नाहीत. समोरून एक भलतीच बेढब पगडी गेली, तरी त्यांनी मान वर केली नाही. टोपी गुडघ्यावर घालून ताणून पाहत, ती करकरली की हात काढून घेत. "नवी पगडी बांधून देता येते रे," ते मला म्हणाले. "पण त्याच्या बापाचे हात मी कुठून आणू?"

विनायकी चतुर्थीला आत्या मोदक करायला बसली. उकडीच्या गोळ्यात अंगठे घालून तिनं पारी वळायला घेतली. आतोबा दारातून बघत होते. गोळा एवढासा, पण अंगठे आतून दाबत, बोटं बाहेरून फिरत, आणि पारी पसरत चालली होती. मध्येच ती बोटं ओली करी. आतोबा जागचे हलेनात.

"उकड गार झाल्यावर वळली तर?" त्यांनी विचारलं.

"चिरते," आत्या म्हणाली. मग तिनं वर पाहिलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि उसासा टाकला. "नैवेद्य होऊ दे. मग आणा तुमची ती मेंढी."

नैवेद्य झाल्यावर मोदकपात्रात टोपी गेली. वाफेत मऊ झाली की बाहेर काढायची आणि ओल्या अंगठ्यांनी आतून रेटायची, पुन्हा वाफ, पुन्हा अंगठे. संध्याकाळपर्यंत वाटीचं पातेलं झालं. पण माप कुणाचं? मुसा मोहिमेच्या तयारीला छावणीत गेलेला. आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. माझं डोकं मोठं आहे हे आमच्या घराण्यात सर्वमान्य होतं. आत काय आहे, यावरच मतभेद होते. "मुसाचं हेच माप," आतोबा म्हणाले. "मी पहिल्याच दिवशी बघून ठेवलंय." वाफाळती टोपी माझ्या मस्तकावर बसली. एका बाजूनं आतोबा ओढताहेत, दुसऱ्या बाजूनं आत्या, आणि मध्ये मी मोदकासारखा शिजतोय.

"मामा, कान!" मी ओरडलो. घाबरल्यावर मला नातीही आठवत नाहीत.

"कान राहू दे. काठ बघ," आतोबा म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी मुसा आला. टोपी त्यानं घातली आणि ती बसली. काठ मूळच्याहून थोडा अरुंद झाला होता आणि पुढे, कपाळावर, एक बारीकसं टोक वर आलं होतं. आतोबांच्या बोटांना कोक्याशिवाय राहवलं नव्हतं. मुसानं त्या टोकावरून अंगठा फिरवला. मग त्यानं टोपी काढली, छातीशी धरली आणि आतोबांपुढे वाकला.

"घाला, घाला आधी!" आतोबा दचकून ओरडले. "सणाच्या दिवशी डोकं उघडं करू नये. आमच्यात ते सुतकाला करतात."

"आमच्यात," मुसा म्हणाला, "मोठ्या माणसाला."

दुपारी तोफखाना निघाला. रस्त्याच्या कडेला गर्दीत आम्ही उभे होतो. बैल, तोफा, धूळ, आणि त्या धुळीत ती काळी टोपी आली. भर रस्त्यात आतोबांनी दोन्ही हातांनी स्वतःची पगडी उचलली आणि छातीशी धरली. एवढं पांढरं, एवढं छोटं डोकं मी कधी पाहिलं नव्हतं.

"काय हो," मागून कुणीतरी विचारलंच, "सुतक कुणाचं?"

"सुतक नाही," आतोबा मागे न बघता म्हणाले. "त्यांच्यात असं करतात."

मुसा परत आला नाही. मेला म्हणून कुणी सांगितलं नाही, आहे म्हणूनही नाही. त्यानंतर कसब्यात कुणी फिरंगी दिसला, की आतोबा त्याच्या कपाळावर कोका शोधत.

आता आतोबाही नाहीत. त्यांची पगडी खुंटीला आहे आणि आत्या तिच्यावरची धूळ स्वतः झटकते, कुणाला हात लावू देत नाही. मी आत्याकडे गेलो, की परत निघताना अंगणात थांबतो, गल्लीत कुणी नाही असं बघतो आणि खुंटीकडे तोंड करून माझी पगडी जराशी उचलतो.

परवा तशी उचलून परत ठेवली, तर ओसरीवरून आत्या म्हणाली, "नीट ठेव. कोका डावीकडे गेलाय."