लीलाआत्याचा बर्फ

आमची लीलाआत्या खोकल्याची पारख करायची. नगरपालिकेच्या शाळेत शिकवण्यात तिची हयात गेली, त्यामुळे खरा खोकला कुठला आणि गणिताच्या तासापुरता कुठला, हे तिला फळ्याकडे तोंड करूनही कळायचं. खोट्या खोकल्याबद्दल तिने कुणाला मारल्याचं मात्र ऐकिवात नाही. ती पोराला पुढे बोलवायची आणि सांगायची, "घशातून खोकलास. छातीतून खोकत जा, म्हणजे आई तरी फसेल." ही तपासणी घरीही चालायची. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी सासूबाई रडायला लागल्या, तेव्हा आत्या माझ्या कानाशी लागली. "हे खरं रडणं आहे बरं का. मुलीला नीट सांभाळ."

तिचे यजमान लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. वर्षभर शाळा, आणि वर्षातून एक संध्याकाळ नाटक. नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीत एप्रिलमध्ये जयंतीचा मंडप पडला की एक दिवस तिच्या नाटकाचा असायचाच. लिहिणारी ती, बसवणारी ती, पडदा ओढणारीही तीच. विहाराच्या मागच्या खोलीत तालमी सुरू झाल्या की ती दहा वर्षांनी लहान दिसायला लागायची आणि आम्ही दहा वर्षांनी म्हातारे.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं असेल, तेव्हाची गोष्ट. जयंती समितीचे अध्यक्ष होते पगारेमामा. कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, मनाचे मोठे, पण उन्हाळ्याशी त्यांचं उभं वैर. मंडपात ते स्वतःचा उभा पंखा घरून आणायचे आणि पहिल्या रांगेत आपल्या खुर्चीशेजारी रोवायचे. इकडून तिकडे मान फिरवणाऱ्या त्या पंख्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. भर नाटकात त्याची घरघर चालू असे, आणि आम्ही नट मंडळी त्याच्यावरून ओरडून संवाद म्हणत असू.

त्या वर्षी मामा घरी आले, चहा घेतला आणि बशीकडे बघत म्हणाले, "बाई, राग मानू नका. नाटकाला लोकं थांबत नाय आता. पोरांनी ऑर्केस्ट्रा सांगितलाय. तुम्हाला त्याच्या आधी अर्धा तास देतो. लोकं बसली तर पुढच्या साली बघू. उठून गेली, तर मग नाटक बंद करू."

आत्या म्हणाली, "बरं." एवढंच. पण ती खरं 'बरं' म्हणते आहे की खोटं, हे ओळखण्याइतकी पारख मलाही आली होती.

त्यानंतर आठवड्याभरातच टीव्हीवर एका मालिकेचा भाग लागला. वसाहतीत टीव्ही होता पगारेमामांकडेच, त्यामुळे सगळे त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर. इंग्रजी मालिका होती. कुठल्यातरी ग्रहावर उतरलेले संशोधक, यान बिघडलेलं, बाहेर जीवघेणी थंडी. भाषा कुणालाच धड कळत नव्हती. त्यातून गच्चीवरचा अँटेना वाऱ्याने हलला की पडद्यावर मुंग्या यायच्या, त्यामुळे बर्फ कुठे संपतो आणि मुंग्या कुठे सुरू होतात हे आम्हाला शेवटपर्यंत समजलं नाही. मी इंग्रजी चौथ्यांदा बसून काढलेला माणूस. तरी मेव्हण्यावर छाप पाडायला मी अधूनमधून भाषांतर करत होतो.

भाग संपला. ते लोक वाचले. सगळे उठायला लागले, तर आत्या बसूनच.

"एवढी शिकलेली माणसं," ती म्हणाली, "आणि लांब लांब बसली होती."

"म्हणजे?" पगारेमामा म्हणाले.

"पाहिलंत ना? प्रत्येक जण आपापल्या कोटात, आपापल्या कोपऱ्यात. गारठ्यात माणूस असा बसतो का? यांना कधी थंडी वाजलेलीच नाही. मामा, यंदाचं माझं नाटक हेच."

"जयंतीला बर्फ?" मामा हसायला लागले. "एप्रिलात? बाई, लोकं घामाने निथळत असतेत तेव्हा."

"गारठ्यात कोण कुणाला जवळ घेतं आणि कोण कुणाला लांब बसवतं, एवढंच नाटक आहे. ते जयंतीला नाही चालणार, तर कधी चालणार?"

मामा हसायचे थांबले. अर्धा तास मात्र अर्धाच राहिला.

पात्रं तीन. मोहिमेचा प्रमुख मी, कारण माझ्या पोटावर अधिकाराचा कोट बरा दिसायचा. दुसरी माझी बायको सुनंदा आणि तिसरा तिचा भाऊ मिलिंद. रंगमंचावर चिकटून बसायचं, म्हणून आत्याने नवरा, बायको आणि मेव्हणा असा संच निवडला, म्हणजे वसाहतीत कुणाला बोलायला जागा नको. स्वेटर घरोघरच्या ट्रंकांतून जमवले. डांबरगोळ्यांच्या वासाने आम्हाला थंडी वाजण्याआधी शिंका यायच्या.

पहिल्याच तालमीला मी जीव तोडून कुडकुडलो. आत्या शांतपणे म्हणाली, "अशोक, तू गारठलायस की रिक्षात बसलायस?"

"आत्या, थंडी दाखवायची तर कुडकुडायला नको?"

"नको. गारठलेला माणूस गारठा लपवतो. त्याला बघून दुसऱ्याला थंडी वाजते. तू थंडी दाखवू नकोस, लपव." मग ती आपल्या लहानपणावर आली. तिचं माहेर, म्हणजे आमचं गाव, निफाडच्या बाजूला. तिथली थंडी ज्याने काढली त्याला ती सांगावी लागत नाही. "आम्ही पाच भावंडं आणि गोधडी एक. कडेच्याला झोप नाही, मधला राजा. म्हणून आईने पाळी लावली होती. थोडा वेळ झाला की मधल्याने उठून कडेला जायचं, कडेच्याने मध्ये यायचं. तुझा बाप लबाड. त्याची पाळी संपली की झोपेचं सोंग घ्यायचा. मी सोंग ओळखायला तिथेच शिकले."

आमचं नाटक ते हेच. सुरुवातीला प्रमुख लांब खोक्यावर बसतो, मानाने. मग गारठतो, आणि ते दोघे त्याला बोलावून मध्ये घेतात. पुढे त्याची कडेला जायची पाळी येते, तेव्हा तो झोपेचं सोंग घेतो. आणि शेवटी आपणहून उठून म्हणतो, "आता तुझी पाळी." की लांबून मदतीचा दिवा दिसतो. दिवा म्हणजे विंगेतून आत्याच्या हातातली बॅटरी.

मला एकच चिंता होती. "आत्या, घाम येईल तो?"

"येऊ दे. पुसू नकोस. पुसलास तर घाम, नाही पुसलास तर वितळलेला बर्फ."

प्रयोगाच्या संध्याकाळी मंडप तव्यासारखा तापला होता. जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून आम्ही रंगमंचावर पसरला होता. पडदा उघडला आणि माकडटोपी, दोन स्वेटर आणि कोटातला मी दिसलो, तशी पोरांमध्ये खसखस पिकली. मागून कुणीतरी म्हणालं, "अशोकभाऊ, लग्नातला कोट काढला का?" मागच्या रांगांतली दोन-चार माणसं उठली. मला विंगेत आत्या दिसत होती. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी मी आईचा चेहरा पाहिला होता, तसाच तिचा झाला होता.

मी मध्ये गेलो. एका बाजूला सुनंदा, दुसऱ्या बाजूला मिलिंद. मी डोळे मिटून सोंग घेतलं. आणि नेमकी तेव्हाच पगारेमामांच्या पंख्याने आमच्याकडे मान वळवली.

तालमीत पंखा नव्हता. हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पसरलेला सगळा कापूस उठला आणि रंगमंचावर वादळ झालं. आमचे चेहरे घामाने चिंब, त्यामुळे कापूस गालांना, भुवयांना, मिशांना चिकटत गेला. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर सुनंदाच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. ती कुडकुडली नाही. तिने आपली ओढणी मिलिंदच्या पायांवर सरकवली आणि हात काखेत दडवले, कुणी पाहू नये असे. पंखा मान फिरवून गेला, परत आला, परत वादळ. खसखस कधी थांबली ते कळलं नाही. उठलेली माणसं उभी होती तिथेच उभी राहिली.

आणि पहिल्या रांगेत पगारेमामा उठले. त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचा पंखा बंद केला.

"गारठली की रं पोरं," ते कुणाला तरी म्हणाले.

घरघर थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मंडपात खरी शांतता झाली, आणि त्या शांततेने माझा घात केला. मी उठून "आता तुझी पाळी" म्हणायचं होतं. माझी पाटी कोरी. मी पडूनच. विंगेतून आत्या ओठ हलवत होती, पण माझ्या भुवयांवरून कापूस लोंबत होता.

शेवटी मामाच खाली बसता बसता म्हणाले, "अरे अशोक, ऊठ की आता. पोरगी कवाची कडेला हाय. तिची पाळी हाय."

मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "ऊठ रे बाबा." मग चहूबाजूंनी, "ऊठ, ऊठ."

मी उठलो. सुनंदाचा हात धरून तिला मध्ये बसवलं. "आता तुझी पाळी," मी म्हणालो, आणि टाळ्यांमध्ये ते मलाही ऐकू आलं नाही. आत्याने बॅटरी लावली. ती इतकी हलत होती की मदतीचं यान झोकांड्या खात येत असल्यासारखं वाटलं.

लोक अजून म्हणतात, अशोकने तो शेवटचा क्षण काय ताणला होता. मी आजवर कुणाचा गैरसमज दूर केलेला नाही. ऑर्केस्ट्रा उशिरा सुरू झाला, कारण लोक रंगमंचावर चढून कापूस हातात घेऊन बघत होते. मामांचा सदरा पाठीला चिकटला होता, पण पंखा लावायचं त्यांच्या लक्षातच नव्हतं. मी आत्यापाशी गेलो आणि कसं झालं विचारलं. तिने माझ्या मिशीवरचा कापूस काढला. "घाम पुसला नाहीस. शाबास."

पुढच्या वर्षी थंडी सरायच्या आतच मामा घरी हजर. "बाई, एक तास तुमचा. यंदा कुठं नेणार?"

"वाळवंटात."

मामांनी गंभीरपणे विचार केला. "मग पंखा आणू, का नको?"

आत्या शेवटपर्यंत नाटक करत राहिली. तो मंडपातला दिवस नंतर कुणी तिच्याकडून हिसकावला नाही. ती गेली डिसेंबरात, निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना. नाशकात त्या सकाळी कडाक्याचा गारठा होता. विहारात तिला मध्ये ठेवलं होतं आणि सगळी वसाहत तिच्याभोवती दाटीवाटीने बसली होती, तिच्या शाळेतली पोरं, त्यांच्या आया, सुनंदा, मिलिंद. पगारेमामा उशिरा आले आणि दारातच टेकले, वाऱ्याच्या तोंडावर. अंगावर नुसता सदरा. त्यांची शाल त्यांनी शेजारच्या पोराला दिली होती.

मी म्हणालो, "मामा, मध्ये या. तिथं वारा लागतोय."

"नको रे," ते म्हणाले. "आज मध्ये बाई हायेत. त्यांची पाळी."

त्यांनी हात काखेत दडवले आणि ताठ बसून राहिले. मी निरखून पाहिलं. ते अजिबात कुडकुडत नव्हते.