टेकडीत हरवलेलं संग्रहालय

घर दिसलं की ते नेमकं तिथंच का बसलंय, असं विचारत सुटायची रान्वाला लहानपणापासून खोड. पुढं ती वास्तुकार झाली. पण उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या त्या खाडीकाठच्या गावात काम तरी कसलं मिळणार? न्हाणीघरं, गॅरेज, फार तर कुणाचा व्हरांडा. तिची पन्नाशी उलटली तेव्हा कुठं गावानं जुन्या होड्यांसाठी संग्रहालय बांधायचं ठरवलं आणि काम तिच्याकडे आलं.

"उंच कर हं," नगराध्यक्ष हानुस म्हणाला. "बोटीतून येणाऱ्याला लांबूनच दिसलं पाहिजे."

"लांबून डोंगर दिसतो की! त्याच्या आड मी नाही बाबा येणार."

तिनं उताराचं गवत सरळ छपरावरून पुढं नेलं. भिंती तिथल्याच काळ्या दगडाच्या. दार आणि एक लांबलचक खिडकी तेवढी समुद्राकडे. हानुस कुरकुरला, पण गावाला आराखडा आवडला.

उद्घाटनाच्या दिवशी रान्वा आत होड्यांपाशी वाट बघत होती. कॉफी तयार, केक कापलेला, पण पाहुण्यांचा पत्ता नाही. एवढ्यात डोक्यावर धपधप पावलं वाजली आणि छताच्या गवतात दडलेल्या हवेच्या झरोक्यातून हानुसचा रडवेला आवाज आला, "मंडळी, इथंच कुठंतरी होतं हो! काल मी स्वतः पाहिलंय!"

"मग आज कुठं गेलं? वाऱ्यानं नेलं?" हा मेंढ्या पाळणारा म्हातारा तुम्मस.

रान्वाला हसू आवरेना. धावत बाहेर येऊन ती वर बघत ओरडली, "अरे हानुस, माझ्या छपरावर उभा आहेस तू!"

क्षणभर सगळे आपापल्या पायांखाली बघत राहिले. मग असा हशा उसळला की चरणाऱ्या मेंढ्या उधळल्या.

"छप्पर आहे होय?" तुम्मसनं शेजारणीचा हात धरला. "मग नाचूनच बघू!"

"अहो, नको!" रान्वानं खालून दोन्ही हात हलवले. छपरावर बर्फाचा भार तिनं हिशेबात धरला होता, मेंढ्यांचाही. अख्खं गाव नाचेल हे कुठं ध्यानीमनी होतं? पण हातात हात गुंफून साखळी फिरू लागली होती. दोन पावलं डावीकडं, एक उजवीकडं, आणि शंभर गळ्यांतून जुनं गाणं. तिनं आत डोकावून पाहिलं. तुळया ढिम्म! होड्यासुद्धा हलल्या नाहीत.

मग मात्र तिला राहवेना. बूट भिरकावून ती गवतावरून वर पळाली आणि साखळीत शिरली. आपणच बांधलेल्या टेकडीवर ती नाचत होती, आणि शेजारी लालबुंद झालेला हानुस सगळ्यांत मोठ्यानं, सगळ्यांत बेसूर गात होता.