एक तरी जुळेल

हरवलेल्या माणसांच्या नोंदी कम्प्युटरवर शोधून देणं हे भोपाळमधलं माझं काम. एक काका दर सोमवारी शहराच्या टोकाच्या करोंदहून यायचे, चपला दाराबाहेर काढायचे आणि आपल्या हरवलेल्या मुलीचं वर्णन सांगायचे. नाव हे किंवा ते, गालावर तीळ किंवा कपाळावर व्रण, उंच किंवा मध्यम.

"इतके 'किंवा' कशाला, काका?" मी एकदा विचारलं.

"बेटी, इतक्या सालांत माणूस बदलून जातो. सगळं नाही जुळणार. एक तरी जुळेल."

त्या 'किंवां'पायी मशीन सगळ्या नोंदी पहिल्यापासून चाळत बसायचं. तेवढा वेळ काका मांडीवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहायचे. मला ते नकोसं व्हायचं. म्हणून मी तो मोठा शोध तोडला. प्रत्येक अटीचा वेगळा छोटा शोध, प्रत्येकाला स्वतःचा इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी थेट जागा दाखवणारी यादी, मग उत्तरं एकत्र करून दुबार नावं वगळायची.

पुढच्या सोमवारी बटण दाबताच यादी आली.

"झालं पण?" काका हिरमुसले. यादीकडे त्यांनी पाहिलंही नाही. "मग अजून दोन टाक. किंवा डावरी. किंवा विचार करताना खालचा ओठ चावते."

मी दोन्ही अटी कागदावर उतरवल्या. मग दातांतला ओठ सोडला आणि डाव्या हातातलं पेन हळूच खाली ठेवलं.

त्या नोंदींत मी नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी बटणावर बोट टेकवायला मन धजेना. आता उत्तर यायला वेळ लागणार नव्हता.