झाकणाची खोड

आमच्या घरात रेकॉर्डी गवयाच्या नावाने लावलेल्या नसत, प्रहराने लावलेल्या असत. लाकडी कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा पहाटेचा, त्याखाली सकाळचा, मग दुपार, सांज आणि तळाशी रात्र. माझे यजमान बऱ्हाणपूरच्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि घरी आले की हे वेळापत्रक सांभाळायचे. एकदा माझ्या माहेरच्या पाहुण्यांनी दिवेलागणीला भैरव ऐकायचा हट्ट धरला, तर ह्यांनी त्यांना हसतमुखाने सांगितलं, उद्या पहाटे या. डाळीच्या डब्यात साबुदाणा निघाला तर ह्यांना काही वाटायचं नाही, पण सांजेच्या कप्प्यात तोडी सापडली की जेवण जायचं नाही. मी चेष्टा करायचे, पण मनातून मला ह्यांचा फार अभिमान होता.

ते दिवस प्रांतांच्या मोडजोडीचे होते. आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि नागपूर मुंबई राज्यात गेलं. कचेऱ्यांतली मराठी माणसं बदल्या मागून तिकडे निघाली. आम्ही इथेच राहिलो. आज या गल्लीत, उद्या त्या गल्लीत कुणाच्या तरी दारासमोर सामानाची गाडी उभी असायची. जाणारे जड वस्तू मागे ठेवून जात: पलंग, पाटा-वरवंटा, कपाटं आणि फोनो, म्हणजे चावीचे ग्रामोफोन. त्यामुळे ह्यांच्यासारख्या शौकिनांची चंगळ झाली. रविवारी दुपारी ही मंडळी आमच्याकडे जमत, ऐकत, भांडत, आणि आपापसांत मशीनं, रेकॉर्डी अदलाबदल करत.

त्या बैठकीला एक नियम होता, तो थेट बैलबाजारातून आलेला. आमच्याकडे बैल विकणारा आधी त्याची खोड सांगतो. हा पाणी दिसलं की बसतो, तो डाव्या बाजूलाच चालतो. खोड लपवून विकलेला बैल घेणारा परत आणून दारात बांधतो, आणि मग विकणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. ह्यांनीच तो नियम फोनोला लावला होता. आधी खोड, मग सौदा.

आमच्याकडे तेव्हा दोन फोनो होते. नवा एका नागपूरला गेलेल्या हेडक्लार्ककडून घेतलेला, दणकट, दुहेरी स्प्रिंगचा. जुना माझ्या लग्नाच्याही आधीचा. त्याची स्प्रिंग थकली होती. चावी कितीही भरा, रेकॉर्डच्या शेवटी शेवटी चाल मंदावायची, आवाज खाली उतरायचा आणि गवई झोपेत बोलल्यासारखा गायचा. म्हणून जुना फोनो लावला की मी शेजारी उभी राहायचे आणि शेवट जवळ आला की चालत्या मशीनलाच हळूच चार फेरे द्यायचे. ते काम माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की हातात भाजी असली तरी चुकत नसे.

बहादरपूरला एक केळीवाले पाटील होते. त्यांच्या घरची मुलं ह्यांच्या हाताखाली शिकून गेली होती, त्यामुळे ह्यांच्या शब्दाला त्यांच्याकडे मान होता. बदलून गेलेल्या एका मुन्सफांनी त्यांच्याकडे रेकॉर्डींची पेटी दोस्तीखातर देऊन टाकली होती, आणि पाटलांकडे त्या वाजवायला मशीनच नव्हतं. पेटी घेऊन ते आमच्याकडे आले. ह्यांनी एकेक रेकॉर्ड उजेडात धरून पाहिली. पहाटेच्या कप्प्यात ज्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या होत्या, त्या भरणारी एक-एक रेकॉर्ड पेटीत होती. ह्यांचे कान लाल झाले होते. पाटील म्हणाले, "हे पक्कं गानं आमाला काय समजत नाही, मास्टरसाब. यातली एक भजनाची प्लेट आमी ठेवतो. बाकी समदी तुमची. बदल्यात एखादी मशीन देऊन टाका."

ह्यांनी जुना फोनो पुढे ओढला. वाजवून दाखवायला कपाटातली एक रेकॉर्ड लावली. पाटील डोळे मिटून ऐकत होते, हातातला चहा निवत होता. शेवट जवळ आला आणि मी सवयीने उठले, चावीला चार फेरे दिले. गाणं सुतासारखं सरळ संपलं. संपल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"आता खोड सांगा," पाटील म्हणाले. बैलवाला माणूस, तो विचारणारच.

"झाकणाची आहे," हे म्हणाले. "बिजागरी सैल आहे. झाकण उघडं राहत नाही, मधेच पडतं. हाताला लागेल, जपा."

"बस? इतकीच?"

"आणि चालू असताना चावीला हात लावू नका. स्प्रिंग तुटेल."

पाटील खूश झाले. ह्यांनी सांगितली नसती तर झाकणाची खोड कळलीच नसती, म्हणाले. मी बशा उचलून आत गेले आणि चुलीपुढे बसून राहिले. थकलेली स्प्रिंग कधीतरी तुटलीही असती; खोटं असं एकही अक्षर ह्यांनी उच्चारलं नव्हतं, हे मला सर्वात जास्त लागलं. त्या संध्याकाळी हे कपाटापुढे बसून रिकाम्या जागा भरत होते आणि मी एक शब्द बोलले नाही. बोलायला हवं होतं. पण फेरे तर मीच दिले होते, कोणत्या तोंडाने बोलणार?

पुढच्या रामनवमीला पाटलांचं बोलावणं आलं. त्यांच्या भजनी मंडळाने त्या प्लेटवरून भजन बसवलं होतं, आणि ते ऐकायला नवे तहसीलदार येणार होते. साहेब इंदूरकडचे. नव्या राज्यातला नवा अंमलदार आपल्या गावात येतो, आपण मराठी माणसंही काही कमी नाही हे त्याला दिसावं, अशी पाटलांची फार इच्छा होती. ह्यांना त्यांनी साहेबांच्या शेजारी बसवलं.

भजन सुरू झालं. खरंच छान म्हणत होते. साहेब मान डोलावत होते. मग शेवटचं कडवं आलं आणि मंडळाची चाल मंदावली. टाळ सुटे पडू लागले. पेटीवाल्याने बोटं काढून घेतली, कारण पुढचा सूर पेटीत नव्हताच. दहा-बारा धडधाकट माणसांनी एका दमात, एका मेळाने आपले आवाज खाली, आणखी खाली सोडले, आणि देवाचं नाव घशात घरघरत थांबलं. किती दिवस घोटून बसवलं असेल ते.

मग साहेब खो-खो हसले. "पाटीलजी, आपकी मंडली थक गई क्या?" साहेब हसले म्हणून मांडव हसला. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. ह्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

पाटील उठले. रागावले नव्हते, गोंधळले होते. "साहेब, ते तसंच हाय. प्लेटमदी तसंच हाय. मशीन आमच्या मास्टरसाबच्या घरची हाय. झाकनाची बारीक खोड होती, ती बी त्यांनी लपवली नाही. असा मानूस. सांगा ना, मास्टरसाब."

सगळा मांडव ह्यांच्याकडे वळला. हे उठले. मला वाटलं आता सांगतील, आणि सांगू नयेत असंही वाटलं.

"हो," हे म्हणाले. "रेकॉर्डमध्ये तसंच आहे. जुनी चाल आहे ती."

हसू थांबलं. गणिताच्या मास्तराचा शब्द. साहेब ओशाळले, "अच्छा, पुरानी चीज है," म्हणत त्यांनी भजन पुन्हा म्हणायला लावलं. मंडळाने पुन्हा म्हटलं, आणि या खेपेस शेवट अधिकच जोर लावून खाली नेला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

टांग्यात आम्ही दोघं दोन बाजूंना तोंड करून बसलो. घरी आल्यावर मी म्हटलं, "उद्या जाऊन सांगा."

"काय सांगू? माझी अब्रू जायची ती जाऊ दे. पण साहेबासमोर पाटील छाती काढून बोललेत. आता खरं सांगितलं तर हसं त्यांचं होईल."

मला ते पटलं, आणि पटलं याची लाज वाटली. चोरी पचवायला आम्हाला दयेचं निमित्त सापडलं होतं.

मग ह्यांनी ठरवलं, नवा फोनो पाटलांना देऊन टाकायचा आणि जुना परत आणायचा. काही सांगायचं नाही, मंडळाला भेट म्हणायचं. प्लेट तिथे नीट वाजेल, शेवट त्यांचा त्यांना कळेल आणि हळूहळू सुधारेल. नवा फोनो ह्यांचा जीव की प्राण, पण हे मागे सरले नाहीत. मीही बरोबर गेले.

पाटलांच्या ओसरीवर मंडळ जमलं. नव्या मशीनवर भजनाची प्लेट लागली. आवाज केवढा मोकळा. शेवटचं कडवं आलं, सरळ चालत राहिलं, संपलं. ओसरीवर सगळे एकमेकांकडे बघू लागले. पाटलांनी पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"मास्टरसाब," पाटील दबक्या आवाजात म्हणाले, चारचौघांत ह्यांचा पाणउतारा होऊ नये म्हणून अगदी जवळ येऊन, "हिच्यात खोड हाय. शेवटाला उतरतच नाही. देवाच्या पायाशी जायच्या वक्ताला सरळ निघून जाते. कोनाकडून घेतली?"

"नागपूरला गेले त्यांच्याकडून."

"त्यांनी खोड सांगितली नाही?"

हेडक्लार्क सरळ माणूस होता. त्याने मशीन विकताना बाजूचा एक ओरखडासुद्धा दाखवला होता.

"नाही सांगितली," हे म्हणाले.

पाटलांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुमच्यासारख्या मानसाला फसवलं. काय जमाना आला. आमची हाय ती बरी हाय, तुमी ही घेऊन जा." त्यांनी स्वतः तो फोनो उचलून टांग्यात ठेवला. मग आत जाऊन पिकल्या केळ्यांच्या दोन फण्या घेऊन आले आणि माझ्यापुढे धरल्या. "घ्या वहिनी. फसलेल्या मानसाला रिकाम्या हातानं धाडू नये."

मी पदर पुढे केला आणि केळी घेतली.